ठुशीचा दोरा

कस्तुराची ठुशी मी साडेचार वर्षांत पाच वेळा ओवून आणली. ठुशी तीच, मणी तेवढेच. दर वेळी वाढवायचा तो फक्त मागचा दोरा. पालमच्या बाजारात मुंजाजी पटवेकरी बसतो. दागिने ओवून द्यायचं त्याचं पिढीजात काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. पहिल्यांदा मी दोन बोटं दोरा वाढव म्हणालो, तेव्हा त्यानं मुकाट वाढवून दिला. दुसऱ्यांदा तीन बोटं म्हणालो, तेव्हा त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"कंट्रोलर साहेब, वासरू वाढलं की दावं बदलतेत. बाईमानसाचा गळा वाढतोय का कुटं?"

"तुला दोरा घालायचाय का मला शिकवायचंय?" मी खेकसलो.

माझा स्वभावच असा. जिथं बोलायची गरज नाही तिथं मी अंगावर जातो, आणि जिथं बोलायला पाहिजे तिथं मूग गिळून बसतो. पालमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं. दिवसभर कर्ण्यावर ओरडायचं, गंगाखेड, परभणी, लोहा, नांदेड. पंचक्रोशीतल्या माणसाला बन्सीधर कंट्रोलरचं तोंड आठवणार नाही, पण आवाज आठवेल. असा हा बोलभांड माणूस एक साधं वाक्य साडेचार वर्षांत बोलू शकला नाही. ते बोललो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

कस्तुरा माझ्या थोरल्या बहिणीची, चतुराबाईची, एकुलती एक लेक. दाजी लवकर गेले, म्हणून पोरीचं सगळं माझ्याकडं. अक्काचं गाव पालमपासून दोन कोसांवर. मी गाडीतून उतरून शेतांमधल्या पांदीला लागलो की पोरगी बांधावरून हाक मारायची, "मामाऽऽ!" मधे दोन शेतं आणि एक ओढा, तरी ती हाक माझ्याआधी घरी पोचायची. अक्का म्हणायची, "तुझ्यावरच गेलीय, भोंगा हाय नुसता." मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

सातवी झाली आणि तिच्या गळ्यावर, पुढच्या बाजूला, एक गाठ दिसायला लागली. आधी बोराएवढी, मग सुपारीएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती. घास गिळताना तेवढी वर-खाली हलायची. अक्कानं बिब्बा लावला, लेप लावले, कुणी सांगितलं म्हणून गळ्यात काळा दोराही बांधला. शेवटी अठ्ठ्याऐंशी साली मी तिला परभणीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला पाणी प्यायला लावलं, मागं उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला आणि रक्त तपासायला पाठवलं.

"थायरॉइडची गाठ आहे," ते म्हणाले. "गोळ्या चालू करू. रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. दर सहा महिन्यांनी दाखवा. वाढली तर काढून टाकावी लागेल. ही ग्रंथी श्वासनळीला चिकटून असते, आवाजाची नस हिच्या मागूनच जाते. वाढू देऊ नका."

मी विचारलं, "कापलं तर खूण राहते का?"

"राहते थोडी. गळ्यावर, आडवी."

तेवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं. पोरीला दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही ठिकाणी चहा-पोहे खाऊन लोक गेले आणि मागाहून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण गळ्याचं काय ते बघा." आता त्यात गळ्यावर शिवण घातलेली पोरगी कोण करणार? अक्काच्या शेजारणी तर एकसुरात सांगत होत्या, "काही करू नका. लगीन होऊन एक लेकरू झालं की गाठ आपसूक बसून जातीय." माणसाला जे सोयीचं असतं ते त्याला खरं वाटतं. मला वाटलं.

तिसरं स्थळ बोरीचं होतं. आबासाहेबांचा थोरला मुलगा लिंबाजी, बारा एकर शेती, घर खाऊन-पिऊन सुखी. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं. दाजी गेल्यापासून अक्काची ठुशी पेटीत पडून होती. ती मीच काढायला लावली. कस्तुराच्या गळ्यात ती घट्ट आवळून बांधली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि सुपारीएवढी गाठ सोन्याच्या मण्यांमागं गेली. अक्का घाबरली होती. मी तिला म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची." अक्कल सगळी माझीच.

बोरीची मंडळी आली. कस्तुरा पाटावर बसली. आबासाहेबांनी नाव विचारलं, शाळा विचारली. पोरगी खणखणीत बोलली. लिंबाजी खाली मान घालून हसत होता, त्याला पसंत पडलेली दिसत होती. तेवढ्यात त्याची आई, पार्वतीबाई, पुढं सरकली. बारीक अंगाची, शांत बाई. तिनं कस्तुराचा पदर नीट केला आणि तिचा हात ठुशीवर थांबला.

"लय शोभून दिसायलीय," ती म्हणाली. "पर आवळलीय लय. जरा ढिली कर की पोरी."

माझ्या तोंडातून आपोआप निघून गेलं, "ढिली न्हाई करता येत बाई. नवस हाय तिच्या आईचा. ही ठुशी सासरी काढायची न्हाई. माहेरीच काढायची, तीबी सणावाराला."

पार्वतीबाईनं चटकन हात मागं घेतला आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पुढं एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, वा बन्सीधर, जिंकलास.

लग्न एकोणनव्वदच्या मे महिन्यात झालं. मामा म्हणून मीच तिच्या मागं उभा होतो. पाठवणीला ती गाडीत बसली, खिडकीतून माझ्याकडं बघायला लागली. रडून डोळे सुजले होते आणि एक हात ठुशीवर होता. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि तिला आठवण म्हणून ओठांवर बोट ठेवलं. तिनं मान हलवली. गोळ्यांची बाटली आम्ही आधीच अक्काच्या घरी ठेवून घेतली होती. सासरी कुणी बघितली असती तर?

पहिल्या पंचमीला ती माहेरी आली तेव्हा ठुशीखाली गळ्यावर लाल वळ होता. मी ती मुंजाजीकडं नेली. दोन बोटं दोरा. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती बाळंतपणाला आली. सातवा महिना सरला होता, आणि गाठ लिंबाएवढी झाली होती. तीन बोटं. मुलगा झाला, सगळे खूश झाले, आणि आम्ही गाठ बसायची वाट बघत राहिलो. ती कशाला बसते. एका बाजूची होती ती दोन्ही बाजूंना पसरली.

हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागली. भाकरीचा घास तिला उतरेना. तुकडा दुधात कुस्करायची, प्रत्येक घासामागं घोटभर पाणी प्यायची, तरी मधेच ठसका लागून डोळ्यांत पाणी यायचं. आडवं पडलं की गळ्यावर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपायची. घागर डोक्यावर घ्यायला दोन्ही हात वर केले की चेहरा लालभडक व्हायचा आणि ती मटकन खाली बसायची. उन्हाळ्यातसुद्धा तिला थंडी वाजायची. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. बोरीतल्या बाया म्हणायच्या, सून सुखात लोळायलीय, अंगानं भरलीय. हे तिनंच मला हसत सांगितलं. हसताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला.

आणि आवाज गेला. एकदम नाही, थोडा थोडा. आधी घोगरा झाला, मग दर वाक्याच्या शेवटी तुटायला लागला. त्र्याण्णवच्या पंचमीला मी पांदीला लागलो. ती बांधावर उभी होती. मला बघून तिनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि हात हलवला. मी ओढा ओलांडून तिच्याजवळ जाईपर्यंत माझ्या कानात काहीच आलं नाही. त्या दिवशी मी मुंजाजीकडं ठुशी घेऊन गेलो, ती पाचवी वेळ.

मुंजाजीनं ठुशी हातात धरली आणि बराच वेळ दोऱ्याकडं बघत राहिला. "साहेब, हे सोनं हाय तेवढंच हाय. आता निम्मा गळा दोऱ्यानंच भरायलाय. पुढून झाकायचं म्हनलं तर मनी पुरनार न्हाईत." मग आवाज बारीक करून म्हणाला, "पोरीला दवाखान्यात न्या हो."

मी या वेळी त्याच्यावर खेकसलो नाही. दोरा घालून घेतला.

बोलायची संधी मला मिळाली नाही असं नाही. उलट ती ताटात वाढून पुढं आली होती, आणि हे आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. त्याच वर्षीच्या संक्रांतीला, म्हणजे पंचमीच्या सहा महिने आधी, मी तीळगूळ घेऊन बोरीला गेलो होतो. गाडीत बसल्यापासून वाक्य पाठ करत होतो. "विहीणबाई, आमचं चुकलं. पोरीच्या गळ्यात लग्नाआधीपासून गाठ हाय. इलाज करू द्या." एवढंच. बोरी येईपर्यंत शंभर वेळा म्हणालो असेन.

आबासाहेबांनी बैठकीत बसवलं. येलदरीचं धरण यंदा किती भरलं, कापसाला भाव काय, गप्पा झाल्या. जेवायला बसलो. पार्वतीबाई वाढत होती. वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मामा, कस्तुराला हल्ली घास उतरंना. आवाजबी बसलाय. काय असंल?"

लिंबाजीनं हातातला तुकडा ताटात ठेवला. दारामागं कस्तुराची बांगडी वाजली. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी कर्ण्यावर कधी अडखळलो नाही, पण तिथं अडखळलो. मला दिसलं की मी बोलतो, आणि आबासाहेब उठून उभे राहतात, "म्हंजे तुमी आमाला फसवलंत?" मला दिसलं की कस्तुरा लेकरू इथंच सोडून माझ्या मागं गाडीत बसते.

"पित्त असंल," मी म्हणालो. "आमच्यात सगळ्यांना हाय पित्ताचं."

पार्वतीबाई थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या ताटात गुळाची पोळी वाढली. मी ती खाल्ली. माझ्या गळ्यातून व्यवस्थित उतरली.

बरोबर एका वर्षानं, पुन्हा संक्रांतीलाच, स्टँडवरचा फोन वाजला. तो चौऱ्याण्णवचा जानेवारी. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय त्याच दिवशी जाहीर झाला होता. स्टँडच्या एका कोपऱ्यात पेढे वाटणं चाललं होतं, दुसऱ्या कोपऱ्यात लोक तोंडं आंबट करून उभे होते, आणि मधे पोलीस. गाड्या जागच्या जागी उभ्या करायचा हुकूम आला होता. फोन परभणी डेपोतून होता. "बोरीचे पाहुणे आलेत साहेब, तुमच्या भाचीला घेऊन. श्वास लागंना झालाय तिला. इथल्या डॉक्टरनं नांदेडला न्या म्हनलंय, जीप करून निघालेत."

रोज शंभर गाड्या सोडणारा मी, आणि मला बसायला एक गाडी नाही. मी कर्ण्यासमोर बसून राहिलो. एक ड्रायव्हर म्हणाला, साहेब, गाड्या कधी सुटतील ते लोकांना सांगा. मला तेसुद्धा सांगता येईना.

नांदेडला पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तोपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. सर्जन बाहेर आले, थकलेले होते. त्यांनी आधी विचारलं, "मामा तुम्हीच का?" आणि एका कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. ठुशी होती. सुजलेल्या गळ्यात रुतलेला दोरा सुटला नाही, म्हणून त्यांनी तो कात्रीनं कापला होता.

"जीव वाचला," ते म्हणाले. "गाठीनं श्वासनळी इतकी दाबली होती की गव्हाच्या काडीएवढी जागा उरली होती. गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय, त्यातूनच श्वास चालूय. पण गाठ आवाजाच्या नसांना धरून बसलेली, दोन्ही बाजूंनी. आवाज परत येईल असं मी सांगणार नाही." मग त्यांनी मला विचारलं, "चार-पाच वर्षांची तरी गाठ आहे ही. इतके दिवस कुठं होतात तुम्ही?"

मी कुठं होतो? पटवेकऱ्याकडं होतो.

व्हरांड्यात बाकावर पार्वतीबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगं रडून रडून दमलं होतं. लिंबाजी औषधं आणायला गेला होता. मी तिच्याशेजारी बसलो. तीच बोलली.

"मामा, मी बगितली होती गाठ."

"कवा?"

"पोरगी बघायला आलो तवाच. पदर नीट करताना हाताला लागली. ठुशी इतकी आवळून कोन बांधतंय का?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "लिंबाजीच्या मनात भरली होती पोरगी. मलाबी आवडली. गाठ काय, कोनालाबी होतीया. म्हनलं इलाज करू."

"मग का न्हाई केला विहीणबाई?" माझा आवाज फाटला.

तिनं माझ्याकडं नवल केल्यासारखं बघितलं. "तुमीच म्हनलात की नवस हाय. मी म्हनलं, गाठीसाठीच नवस बोललेत, ठुशी बांधून देवीच्या हवाली केलीय पोरीला. मग देवीनं धरलेल्या गळ्याला मी कसा हात लावावा? लिंबाजीलाबी मी तेच सांगितलं. डॉक्टरकडं नेली, त्यानं ठुशी काढायला लावली, अन् नवस मोडून पोरीला काही झालं तर? दर सनाला ती माहेरी येऊन ठुशी नवी ओवून आनायची. मला वाटायचं, तुमी पूजा बांधायलाव. संक्रांतीला तुमाला इचारलं, तर तुमी पित्त म्हनलात. म्हनलं, मामाला मालूम असून बोलंनात, म्हंजे नवसाचं बोलायचं नसंल."

मी भिंतीला डोकं टेकवलं. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं. बाईनं माझ्या तोंडातून पडलेल्या एका थापेवर साडेचार वर्षं इमानानं पहारा दिला होता. मी गाठ लपवतोय असं मला वाटत होतं. गाठ लपली नव्हतीच. मी फक्त तिच्यावर कुणाला हात लावू दिला नाही.

नर्सनं आत बोलावलं. कस्तुरा उशांना टेकून बसली होती. गळ्यावर पांढरी पट्टी, मधे नळी, तिच्यातून फुस्स फुस्स असा श्वास. गळा किती बारीक दिसत होता. लग्नाआधी होता तसा. पोरगं तिला बघून पार्वतीबाईच्या खांद्यात घुसलं. कस्तुरानं त्याला बोलवायला तोंड उघडलं. ओठ हलले. नळीतून हवा आली, शब्द आला नाही. पोरगं आणखी जोरात रडायला लागलं, आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

पार्वतीबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नगंस. वाचलीस ते लय झालं. आता तू उभी राहिलीस की पैलं काम म्हंजे नवस फेडायचा. खन-नारळ घेऊन, आपन समदेच जाऊ." मग ती माझ्याकडं वळली. "कोन्या देवीचा हाय मामा? तुमी कधी सांगितलंच न्हाई."

कापलेल्या दोऱ्याची ठुशी माझ्या मुठीत होती. आता तरी बोल, मी स्वतःला म्हणालो. आता काय उरलंय लपवायला? देवी नाही, नवस नाही, पाच वर्षांपूर्वी डॉक्टरनं सगळं सांगितलं होतं, गोळ्यांची बाटली अक्काच्या फडताळात आहे. मी तोंड उघडलं.

कस्तुरा माझ्याकडंच बघत होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी, नळी दुखू नये इतकी. सासूकडं एकदा बघितलं, लेकराकडं बघितलं, आणि सलाईनची सुई टोचलेला हात उचलून ओठांवर बोट ठेवलं.

"तुळजापूरची," मी म्हणालो.